‘शिंगटी’ची ओळख : साइक्सच्या दख्खनी मार्जारमीनांच्या वर्गीकरणाचे परीक्षण

१

प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नामावलीत मराठी शब्दांनी कायमचे स्थान मिळविल्याची उदाहरणे फार नाहीत. त्यांतील एक लक्षणीय संच कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याच्या दख्खनच्या माशांवरील लेखात सापडतो. मुंबई सरकारने १८२४ साली साइक्सकडे दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम सोपविले. शेती, महसूल, हवामान आणि लोकसंख्या यांच्या नोंदी करीत असतानाच त्याने पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांचाही अभ्यास केला. माशांविषयीचा त्याचा लेख लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ साली मांडण्यात आला. त्याचा सारांश १८३९ मध्ये व चित्रांसह संपूर्ण पाठ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. भीमा, मुळा-मुठा व त्यांच्या जवळपासच्या नद्यांतील माशांचे हे पहिले शास्त्रीय वर्णन होय.

या लेखातील मार्जारमीनांची नावे पाहिली तरी त्याचे वेगळेपण ध्यानात येते. शिंगाळा, शिंगटी, घोगरा, गुंगवारी, टाकरी अशी जी नावे नदीकाठच्या मासेमारांच्या तोंडी होती तीच साइक्सने जातिवाचक नावे म्हणून स्वीकारली. स्थानिक नाव उच्चारताच नंतरच्या अभ्यासकाच्या हाती नेमका तोच मासा यावा, हा यामागील हेतू होता. हेतू स्तुत्य होता यात शंका नाही. परंतु तो कितपत सिद्धीस गेला, हा खरा प्रश्न आहे. ‘शिंगटी’ या एका माशाच्या नावाचा १८३९ पासूनचा इतिहास तपासल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. हा केवळ नावांचा कीस नव्हे. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील ज्या नद्या पालघर व माहीमच्या परिसरात समुद्राला मिळतात, त्यांतील माशांना कोणत्या नावाने ओळखावयाचे, हा प्रश्नही याच इतिहासाशी निगडित आहे.

२

साइक्सच्या वर्गीकरणाचे परीक्षण करताना प्रजाती आणि जाती या दोन पायऱ्या अलग ठेवणे अवश्य आहे. प्रजातींच्या पायरीवर साइक्सचे काम आज जवळजवळ पूर्णपणे बाद झालेले आहे. त्याने शिंगाळ्यास प्लॅटिस्टोमा या प्रजातीत घातले. शिंगटीस पिमेलोडस, घोगऱ्यास फ्रॅक्टोसेफॅलस, गुंगवारी व टाकरी यांस हायपोफ्थॅल्मस, आणि ज्या माशास त्याने ब्रिटिश म्यूझियममधील जॉन जॉर्ज चिल्ड्रेन यांचे नाव दिले त्यास एजिनिओसस या प्रजातीत स्थान दिले. या पाचही नावांखालील मासे आजच्या ज्ञानानुसार दक्षिण अमेरिकेतील आहेत. त्यांपैकी एकाही प्रजातीचा मासा भारतात नाही. म्हणजे भीमेच्या डोहातील माशांना ॲमेझॉनच्या माशांचे गोत्र बहाल झाले होते.

हा दोष सर्वस्वी साइक्सच्या माथी मारणे मात्र न्याय्य ठरणार नाही. कुव्हिए व व्हालांसिएन यांच्या मत्स्यविषयक बृहद्ग्रंथाचे मार्जारमीनांवरील खंड १८४० च्या सुमारास बाहेर पडले. साइक्स लिहीत होता तेव्हा आशियाई मार्जारमीनांची स्वतंत्र मांडणी जवळपास अस्तित्वातच नव्हती. स्पृशांची संख्या, दातांची रचना, वसापक्षाचे अस्तित्व अशा ढोबळ लक्षणांवरून हाती असलेल्या चौकटीत मासा बसविण्यापलीकडे त्याला मार्ग नव्हता. आज मार्जारमीनांच्या गणात सुमारे ४,००० जाती गणल्या जातात आणि खंडाखंडांतील कुलांचे परस्परसंबंध शरीररचनेबरोबर जनुकीय पुराव्यानेही तपासले जातात. त्या तराजूत १८३८ चे काम तोलणे म्हणजे काळाचा विपर्यास करणे होय.

जातींच्या पायरीवर चित्र निराळे दिसते. शिंगाळा आज स्पेरॅटा सींगाला या नावाने, घोगरा रिटा गोग्रा या नावाने मान्य आहे. गुंगवारी व टाकरी अनुक्रमे युट्रोपिइक्थिस आणि प्रोयुट्रोपिइक्थिस या प्रजातींत गेले, आणि ‘इच्‌कीआ’ हा लहानसा मासा गगाटा प्रजातीत. चिल्ड्रेन यांच्या नावाचा मासा आता सिलोनिया चिल्ड्रेनी होय. घराणी बदलली, तरी साइक्सने ‘हा मासा वेगळा आहे’ असा जो निर्णय दिला तो यांतील बहुतेकांच्या बाबतीत टिकला. त्याचे वाचन तोकडे पडले. नजर तोकडी पडली नाही. आणि त्या नजरेमागे मासेमारांनी केलेला भेद होता, हेही विसरता येत नाही. ज्यांना रोज जाळ्यातून मासे सोडवावयाचे असतात त्यांनी दोन माशांना दोन नावे दिली असतील, तर त्यामागे बहुधा काही पाहिलेले असते.

येथे साइक्सच्या लेखनपद्धतीचा विचार आवश्यक ठरतो, कारण तिने पुढील वाचकांना बरेच चकविले आहे. त्याच्या काळचे इंग्रज अधिकारी मराठी शब्द इंग्रजी उच्चाराच्या सवयीने लिहीत. त्यांच्या लेखनात ‘यू’ हे अक्षर पुष्कळदा मराठी ‘अ’ दर्शविते. साइक्सने ‘दखन’ हा शब्द ज्या रीतीने लिहिला त्यातच याचा पुरावा आहे. ही किल्ली हाती असली की काही नावे उलगडतात. ज्या कार्प-वर्गीय माशाचे नाव आज सर्रास ‘नुक्ता’ असे वाचले जाते, ते मूळचे ‘नकटा’ होय. आणि त्या माशाच्या मुस्कटावरील खोल खाच पाहिली की हा अर्थ पटतो. त्याच न्यायाने रिटा प्रजातीतील दुसऱ्या माशाचे ‘कुटर्नी’ हे रूढ वाचन सोडून कटरणी किंवा कतरणी अशा रूपाचा विचार करावयास हवा. ‘गोग्रा’मध्ये ‘घ’चा महाप्राण गळालेला आहे. ‘घोगरा’ हा शब्द आवाजाशी निगडित आहे, आणि अंसपक्षाचा काटा सांध्यात घासून आवाज काढण्याची शक्ती मार्जारमीनांतील अनेक जातींत असते. नावाचे मूळ तेथे असावे असे मानण्यास जागा आहे. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार मूळ लेखन कायम ठेवावे लागते. शिवाय लॅटिनेतर भाषेतून नाम म्हणून घेतलेला शब्द प्रजातीच्या लिंगानुसार बदलत नाही. म्हणून साइक्सच्या कानाने टिपलेले मराठी शब्द, त्यांतील खाचाखोचांसह, शास्त्राच्या दप्तरी कायमचे गोठले आहेत. ते वाचण्यासाठी प्राणिशास्त्राइतकेच मराठीचेही ज्ञान लागते.

३

आता शिंगटीकडे वळावयाचे. साइक्सने पिमेलोडस सींगटी हे नाव दिले त्याच्या १७ वर्षे आधी, १८२२ साली, फ्रान्सिस हॅमिल्टन याचा गंगेच्या माशांवरील ग्रंथ एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला होता. हॅमिल्टननेही बंगाल व बिहारमधील बोलीतील नावे उचलली होती. मागूर, रिटा, टेंगरा ही त्यांतील काही. त्याच ग्रंथात पिमेलोडस कव्हॅसियस हा एक मासा वर्णिलेला आहे. लांबसडक वसापक्ष, शेपटीपर्यंत पोहोचणाऱ्या वरच्या जबड्याच्या स्पृशा आणि चंदेरी सडपातळ अंग या बाबतींत तो शिंगटीशी मिळताजुळता आहे. दोन्ही ग्रंथकारांच्या कामात एक समान उणीव राहिली. चित्रे व वर्णने मागे राहिली, परंतु ज्या नमुन्यांवरून ती केली ते नमुने संग्रहालयात सुरक्षित राहिले नाहीत.

या उणिवेचे परिणाम फ्रान्सिस डे याच्या काळात दिसू लागले. डे याचा ‘भारतातील मासे’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला, आणि ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालेतील त्याचे दोन खंड १८८९ साली आले. पुढील पाऊणशे वर्षे भारतीय मत्स्यशास्त्राचा आधार हेच ग्रंथ होते. डे याने शिंगटीला स्वतंत्र जाती न मानता कव्हॅसियसचेच दुसरे नाव ठरविले. या निर्णयात बेपर्वाई होती असे म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे साऱ्या देशातून आलेले साहित्य होते, आणि ज्या लक्षणांवर तेव्हा भिस्त असे त्या लक्षणांनी गंगेचा व भीमेचा मासा सहज अलग पडत नव्हता. तुलनेसाठी साइक्सचा मूळ नमुना मिळाला असता तर प्रश्न वेगळा झाला असता. तो नव्हता, तेव्हा जे नाव आधीचे तेच उरले आणि शिंगटी समानार्थी नावांच्या यादीत जाऊन बसली.

यानंतर प्रजातीचे नाव बदलले. डे ज्या मॅक्रोनीस या नावाखाली हे मासे मांडत असे ते नाव एका भुंग्याच्या प्रजातीस १८४१ सालीच दिले गेले होते. एकच नाव दोन प्राणिप्रजातींना चालत नसल्याने ते सोडून स्कोपोली याचे १७७७ चे मिस्टस हे नाव स्वीकारावे लागले. के. सी. जयराम यांनी १९५४ मध्ये भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील मिस्टसांची पद्धतशीर मांडणी केली. ॲनंडेल यांचा १९१९ चा पुणे-सातारा भागातील ओढ्यांच्या माशांवरील लेख, होरा व मिश्रा यांचे १९३० नंतरच्या दशकातील देवळालीच्या माशांवरील लेखन, फ्रेझर यांची १९४२ ची पुण्याच्या माशांची यादी, अशा स्थानिक पाहण्याही या काळात झाल्या. त्यांच्यामुळे साइक्सच्या इतर कित्येक नावांची उकल झाली. मिस्टस कव्हॅसियस हे नाव मात्र गंगेपासून कावेरीपर्यंत एकाच माशाचे म्हणून रूढ राहिले.

प्रशांत चक्रवर्ती व हेक ही एन्‌ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ही चौकट मोडली. ‘कव्हॅसियस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांची तुलना केल्यावर त्यांना तीन जाती दिसून आल्या : उत्तरेकडील खरा कव्हॅसियस, ब्रह्मदेशाकडील एक नवी जाती आणि द्वीपकल्पातील मासा. या तिसऱ्या माशासाठी नवे नाव शोधण्याची गरज पडली नाही, कारण साइक्सचे नाव उपलब्ध होतेच. मिस्टस सींगटी ही जाती १६६ वर्षांनी पुन्हा मान्य झाली.

या घटनेचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो, आणि दोन्ही अर्थ अपुरे आहेत. एक पक्ष म्हणतो, साइक्स बरोबर होता व डे चुकला. दुसरा पक्ष म्हणतो, ही केवळ नावांची उलथापालथ आहे. वस्तुस्थिती अशी की साइक्सचा निष्कर्ष बरोबर निघाला, पण तो सिद्ध करण्याचे साधन त्याने मागे ठेवले नव्हते. आणि डे याचा निष्कर्ष टिकला नाही, तरी त्याच्या पुढील पुराव्यावर तो तर्कसंगत होता. शास्त्रात बरोबर असणे आणि बरोबर असल्याचे इतरांना तपासता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिंगटीचे पुनरुज्जीवन साइक्सच्या वर्णनाने झाले नाही. ते नव्या नमुन्यांच्या तुलनेने झाले. साइक्सचे नाव तेव्हा केवळ प्राधान्याच्या नियमाने कामी आले.

४

एवढ्यावर प्रश्न मिटला असता, तर त्यास केवळ ऐतिहासिक मोल उरले असते. तो मिटत नाही याचे कारण भूगोलात आहे. साइक्सचे दख्खन हे घाटमाथ्याच्या पूर्वेकडील आहे. ॲनंडेल, होरा व फ्रेझर यांच्या पाहण्याही पुणे, सातारा, देवळाली अशा त्याच बाजूच्या ठिकाणांवर केंद्रित होत्या. सह्याद्री उतरून पश्चिमेला आले की नद्या आखूड व वेगवान होतात, आणि त्यांचे खालचे टोक भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळते. उत्तर कोकणातील वैतरणा ही या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. तिचा उगम त्र्यंबकच्या डोंगरांत, गोदावरीच्या उगमापासून थोड्याच अंतरावर आहे. एकाच डोंगररांगेचे पाणी एका बाजूने बंगालच्या उपसागराकडे आणि दुसऱ्या बाजूने वैतरणेतून अरबी समुद्राकडे जाते. सूर्या ही वैतरणेची उपनदी पालघर जिल्ह्यातूनच वाहते. या नद्यांतील लांब वसापक्षाचा मिस्टस हा गोदावरीकडील शिंगटीचाच बांधव, की जलविभाजकाने अलग पाडलेला निराळा मासा, हे केवळ सान्निध्यावरून सांगता येत नाही. सान्निध्य हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

नावांचा गोंधळ या किनाऱ्यावर अधिकच वाढतो. माहीमसारख्या किनाऱ्यावरील गावी ‘शिंगाळा’ म्हटले की समुद्रातील मासा समजला जातो, आणि तो एरिइडी या कुलातील असतो. साइक्सचा शिंगाळा मात्र भीमेच्या गोड्या पाण्यातील असून बॅग्रिडी कुलातील आहे. ‘शिंगटी’ हा शब्द खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातील मिस्टस गुलिओ या माशासही लावला जातो. त्याचे वर्णन हॅमिल्टनने १८२२ सालीच केलेले आहे, आणि तो साइक्सच्या शिंगटीहून स्पष्टपणे वेगळा आहे. त्याचा वसापक्ष आखूड असून पृष्ठपक्षापासून दूर असतो. शिंगटीच्या गटातील माशांत वसापक्ष लांब असून पृष्ठपक्षाच्या मागोमाग सुरू होतो. म्हणजे एका मराठी शब्दाखाली निदान दोन कुले, आणि एका कुलात निदान दोन जाती नांदत आहेत.

मासेमारांची भाषा सदोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. किनाऱ्यावरील आणि घाटावरील मासेमारांनी आपापल्या पाण्यातील काटेरी, मिशाळ माशांना एकाच धातूपासून नावे दिली, इतकेच. त्यांना परस्परांच्या यादीशी ताळमेळ घालण्याचे कारण नव्हते. ते कारण वर्गीकरणकाराला आहे, आणि त्याच्यापाशी त्याची साधनेही आहेत. एरिइडी व बॅग्रिडी यांतील भेद नाकपुडीपाशीच पाहता येतो. बॅग्रिडी माशांत नाकपुडीजवळ स्पृशांची एक जोडी असते व एकूण चार जोड्या भरतात. सागरी शिंगाळ्यांत ही नाकाची जोडी नसते, आणि त्यांच्या बहुतेक जातींत तीनच जोड्या असतात. या सागरी कुलात नर अंडी तोंडात सांभाळतो, ही निराळी जीवनपद्धतीही आहे. याउलट वसापक्षावरील काळ्या डागावर विसंबणारा फसतो. स्पेरॅटा प्रजातीत असा डाग असतो, तसाच तो समुद्रातील काही शिंगाळ्यांतही असतो. एक सोयीचे लक्षण आणि एक निर्णायक लक्षण यांतील फरक विद्यार्थ्याने शिकावयाचा तो अशाच ठिकाणी.

स्थळनामाच्या बाबतीतही हीच काटेकोर दृष्टी हवी. माहीम नावाची दोन प्रसिद्ध ठिकाणे या किनाऱ्यावर आहेत : एक मुंबईतील, दुसरे पालघरजवळील, ज्यास केळवे-माहीम या जोडनावाने ओळखले जाते. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात माहीम नावाचा तालुका होता. तोच पुढे पालघर तालुका झाला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीचे वाचन करणाऱ्यांना कोणते माहीम कोठे अभिप्रेत आहे, या पेचाची चांगली ओळख आहे. मत्स्यसंग्रहाच्या बरणीवरील चिठ्ठीवर नुसते ‘माहीम, ठाणे’ असे लिहिलेले असेल, तर ते गाव की तालुका, आणि तालुका असल्यास खाडी की सूर्येचा काठ, हे ठरविता येणार नाही. निमखाऱ्या पाण्यातील गुलिओ व गोड्या पाण्यातील शिंगटी यांच्या बाबतीत हा फरक काही कोसांचा असला तरी निर्णायक आहे. नदीचे नाव, नजीकचे गाव, पाण्याचा खारेपणा व दिनांक यांवाचून केलेली नोंद ही साइक्सच्या हरवलेल्या नमुन्याइतकीच निरुपयोगी ठरते.

५

एखाद्या माशाला कव्हॅसियस म्हटले काय किंवा सींगटी म्हटले काय, व्यवहारात काय बिघडते, असा प्रश्न येथे उपस्थित केला जाईल. त्याचे उत्तर साइक्सच्याच दुसऱ्या एका माशाने दिले आहे. सिलोनिया चिल्ड्रेनी हा द्वीपकल्पातील मोठा मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. त्याचा गंगेकडील सजातीय सिलोनिया सिलोंडिया मात्र चिंताजनक स्थितीत गणला जात नाही. हे दोन मासे एकाच नावाखाली मोजले गेले असते, तर उत्तरेतील विपुलतेने दक्षिणेतील ऱ्हास झाकला असता आणि धोक्याची नोंदच झाली नसती. मोजणी नेहमी नावाची होते. नाव चुकले की मोजणी चुकते, आणि मोजणी चुकली की संरक्षणाचा हक्क जातो.

पालघर-बोईसर भागात या गोष्टीला तातडी आहे. तारापूरचे औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातील अत्यंत प्रदूषित क्षेत्रांत मोडले. नाले, खाड्या व नद्यांची खालची पात्रे यांच्या अवस्थेवर लिहिल्या जाणाऱ्या अहवालांत माशांच्या याद्या जोडलेल्या असतात. त्या याद्यांतील नावे जर जुन्या ग्रंथांतून नकलून आली असतील, तर पाण्यातून एखादी जाती नाहीशी झाली तरी यादीत ती नांदतच राहील. मागूर या माशाच्या बाबतीत याचे दुसरे टोक दिसते. भारतातील मागूर दीर्घकाळ क्लॅरियस बॅट्रॅकस या लिनीअसच्या नावाने ओळखला गेला. एन्‌ग व कॉटेलाट यांनी २००८ साली ते नाव जावाच्या माशापुरते मर्यादित केल्यावर हॅमिल्टनचे क्लॅरियस मागूर हे नाव भारतीय माशास परत मिळाले. बाजारात मात्र ‘मागूर’ याच शब्दाखाली, ज्याच्या पैदाशीस भारतात बंदी आहे तो आफ्रिकी क्लॅरियस गॅरिएपिनसही विकला जात आला. देशी मासा व आगंतुक मासा एकाच नावाने विकले जाऊ लागले की कायद्यालाही प्रथम वर्गीकरणकाराचे दार ठोठवावे लागते.

जनुकीय पद्धतींनी हे सर्व प्रश्न आपोआप सुटतील अशी समजूत अलीकडे बळावली आहे. तीही तपासून घ्यावयास हवी. डीएनएचा क्रम दोन माशांतील अंतर सांगतो. त्यांची नावे सांगत नाही. नाव हे प्ररूप नमुन्याशी व त्याच्या स्थळाशी बांधलेले असते. भीमेतील माशाचा क्रम कोणी ‘कव्हॅसियस’ या नावाखाली सार्वजनिक संग्रहात ठेवला, तर त्याच्याशी जुळणारा प्रत्येक नवा मासा कव्हॅसियस ठरत जाईल, आणि डे याच्या काळचा प्रमाद नव्या यंत्रातून पुन्हा छापला जाईल. क्रमासोबत पाहता येण्याजोगा मासाही जतन झाला असेल, तरच अशा चुकीची दुरुस्ती शक्य असते.

यास उत्तर काय, हे मराठी नावांच्याच परंपरेतील एका चांगल्या उदाहरणाने दाखवून दिले आहे. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली कृष्णेच्या खोऱ्यातील एका लहान मार्जारमीनाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा मासा इतर माशांचे खवले ओरबाडून खातो. म्हणून कुलकर्णींनी त्यास ‘खवलचोर’ असे अस्सल मराठी नाव दिले व त्यासाठी निओट्रोपियस ही नवी प्रजातीही स्थापिली. पुढे प्रजातीचे नाव बदलले, कुलही बदलले. आज हा मासा पॅकिप्टेरस खवलचोर या नावाने होराबॅग्रिडी कुलात मांडला जातो. साइक्सच्या माशांप्रमाणे याचेही घराणे बदलले, पण ओळखीविषयी वाद उद्भवला नाही, कारण वर्णनामागे नमुने होते आणि नावामागे पाहिलेली सवय होती. साइक्सने लोकांचे शब्द शास्त्रात नेले. कुलकर्णींनी त्याच रीतीला नमुना, स्थळ आणि जीवनक्रम यांची जोड दिली. दोहोंमधील अंतर मोजावयाचे झाल्यास ते ११३ वर्षांचे नव्हे, पद्धतीचे आहे.

उत्तर कोकणातील मिस्टसांसाठी नेमके हेच काम होणे आवश्यक आहे. वैतरणा व सूर्या यांच्या वरच्या पात्रापासून माहीम-केळव्याच्या खाड्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने नमुने गोळा करणे. प्रत्येक माशाच्या स्नायूचा तुकडा आधी अल्कोहोलमध्ये व मग उरलेला मासा फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे. कवटीवरील खाच, शिरोभागाचा मागचा काटेरी उंचवटा, वसापक्षाची लांबी व कल्ल्यांवरील दंताळ्यांची संख्या ही लक्षणे भीमा-गोदावरीकडील माशांशी ताडून पाहणे : असा हा क्रम आहे. मूळ प्ररूप नसताना नव-प्ररूप निवडण्याची वेळ आली, तर संहितेनुसार तो मूळ स्थळाच्या शक्य तितक्या जवळचा असावा लागतो आणि मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. त्यामुळे ‘शिंगटी’ या नावाचे केंद्र दख्खनच राहील. कोकणातील मासा त्या नावाखाली येतो की नाही, हे त्यानंतर ठरेल. या कामात मासेमारांची नावेही त्याच काटेकोरपणे टिपली पाहिजेत. कोणत्या गावी, कोणत्या पाण्यातल्या, किती लांबीच्या माशाला कोणता शब्द लावला जातो, आणि पिल्लाचे नाव मोठ्या माशाहून निराळे आहे काय, हे नोंदविले गेले, तर साइक्सने अर्धवट सोडलेले काम पूर्ण होईल.

साइक्सच्या लेखाविषयी अंतिम मत द्यावयाचे झाल्यास ते असे द्यावे लागते. प्रजातींची मांडणी म्हणून तो कालबाह्य आहे. जातींची ओळख म्हणून तो आदरास पात्र आहे. पुरावा म्हणून तो अपुरा आहे. नव्या याद्यांत त्याची नावे जशीच्या तशी भरणे हा त्याचा सन्मान नव्हे, आणि त्याची नावे समानार्थी म्हणून सरसकट मोडीत काढणे ही शास्त्रीय काटकसर नव्हे. ‘शिंगटी’ हा शब्द १८३९ मध्ये एका प्रश्नाच्या रूपाने शास्त्रात आला. २००५ मध्ये त्याचे घाटमाथ्यापुरते उत्तर मिळाले. घाट उतरल्यावर, माहीमच्या खाडीपर्यंत, तो प्रश्न अजून उभा आहे, आणि त्याचे उत्तर ग्रंथालयातील चित्रांत नाही. ते नदीच्या पात्रात आहे.